स्थानिक भुलीला आप्पांची हरकत

दाताच्या डॉक्टरला घाबरण्यात आपला हात धरणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत नाही, अशी आप्पा मुळ्यांची खात्री होती. ही काही मिरवायची गोष्ट नव्हे, म्हणून त्यांनी ती कधी मिरवली नाही. पण मनात ती होती. ऐन तिशीत ते एकदा दवाखान्याच्या खुर्चीतून उठून गळ्यातल्या रुमालासकट जे पळाले ते थेट मारुती मंदिराशी येऊन थांबले. तिथे एका ओळखीच्या गृहस्थांनी गळ्याकडे बघत "काय मुळ्ये, कुठे पंगतीला?" असं विचारलं, तेव्हा "होय, मुंज आहे" एवढं सांगून ते तसेच घरी आले. त्यानंतर पुढे सबंध नोकरी झाली, भूगोल शिकवून शिकवून आप्पा शाळेतून निवृत्त झाले, पण पुन्हा त्या खुर्चीत म्हणून बसले नाहीत. खालची उजवी दाढ किडून ठणकायला लागली तशी त्यांनी तिच्याशी लवंगेच्या तेलाच्या बोळ्यावर तडजोड केली होती. "दुखत्ये का?" असं मालिनीताईंनी विचारलं, की "छे, जरा शिवशिवत्ये," असं सांगून ते डाव्या बाजूने जेवत राहत.

अशा माणसाने एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन स्थानिक पेपर उघडावा आणि आतल्या पानावर समोरच्या फ्लॅटमधल्या दीपक रेडीजांचा गालाला हात लावलेला फोटो बघावा, यात नियतीचा खोडसाळपणा नाही तर काय आहे? फोटोच्या वर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'रत्नागिरीत स्थानिक भूल संशोधन. दंतभयग्रस्तांची निवड.' खाली मजकूर होता. माळनाक्यावरच्या दंतवैद्य डॉ. सानिका शेट्ये या मुंबईच्या एका कॉलेजच्या मदतीने अभ्यास करीत असून, दाताच्या इंजेक्शनची पराकोटीची भीती असलेल्या मोजक्याच लोकांना त्यात घेण्यात आलं आहे, आणि श्री. रेडीज हे त्यांपैकी एक आहेत, वगैरे.

आप्पांचा चहा निवला.

इथे रेडीजांबद्दल थोडं सांगायला हवं. चिपळूणला मोठा पूर आला त्या वर्षी ते मेव्हण्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये 'चार दिवस' म्हणून राहायला आले आणि राहिलेच. बायको पुराच्या आधीच वारलेली, मुलगी पुण्याला. एकटा माणूस, पुराने घर धुऊन नेलेलं, म्हणून पहिल्या संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन आप्पाच त्यांच्याकडे गेले होते, आणि त्या थर्मासचा त्यांना अजून पश्चात्ताप होत असे. कारण पुढच्याच महिन्यात रेडीजांनी गॅलरीतल्या कुंडीत टोमॅटो लावले आणि त्यांना टोमॅटो आले. आप्पांच्या कुंडीत तोवर फक्त माती होती. सोसायटीच्या गणपतीत आप्पा वर्षानुवर्षं आरतीला पुढे उभे राहत. रेडीजांनी मागे उभं राहून असा काही सूर लावला की लोक मागे वळून बघायला लागले. सर्वांत वाईट म्हणजे मालिनीताई त्यांना 'भाऊजी' म्हणू लागल्या. एवढं सगळं आप्पांनी गिळलं. पण आज या माणसाने घाबरण्यातही पहिला नंबर काढावा? निदान तेवढं तरी आपल्यासाठी ठेवायचं!

"बिचारे हो भाऊजी!" पेपर वाचून मालिनीताई म्हणाल्या. "एवढे घाबरतात आणि कधी बोलले नाहीत."

"मीही कधी बोललो नाही."

"तुमचं निराळं. तुमचं मला ठाऊकच आहे."

"तुला ठाऊक असून काय उपयोग? पेपरवाल्यांना ठाऊक पाहिजे!"

मालिनीताईंनी त्याकडे लक्ष दिलं नाही. त्या गुरगुट्या भात आणि मेतकुटाचा डबा भरत होत्या. रेडीजांच्या दाढेवर काल म्हणे काही करायचा प्रयत्न झाला होता आणि ते कालपासून उपाशी होते. डबा समोरच्या दारात जाताना आप्पांनी दाराच्या भोकातून बघितला.

संध्याकाळी फाटकापाशी रेडीजांभोवती सोसायटी जमली. "खुर्ची बघितली की पायातली ताकदच जाते हो," रेडीज सांगत होते. "उठावं म्हटलं तर उठवत नाही." बायका हळहळल्या. आप्पा जरा लांब, मीटरच्या खोक्याशी उभे होते. त्यांना हे वर्णन मुळीच पसंत पडलं नाही. ताकद जाते म्हणजे काय? याला काय घाबरणं म्हणतात? खरा घाबरलेला माणूस बसून राहतो का? तो पळतो! हा गृहस्थ उठू शकत नव्हता म्हणून त्याची निवड, आणि जो गळ्यात रुमाल घेऊन भरबाजारातून धावला तो मीटरच्या खोक्याशी. आप्पांना इतका संताप आला की दाढ ठणकायला लागली.

मग त्यांनी ठरवलं, की आपणही रीतसर निवडून यायचं.

"तुम्हाला नक्की हवंय तरी काय?" मालिनीताईंनी विचारलं. "इंजेक्शन?"

"इंजेक्शन नको. निवड हवी."

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आप्पा माळनाक्यावर गेले. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि खाली झेरॉक्सचं दुकान होतं. आप्पांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वरून स्पिरिटचा वास आला. पाठोपाठ काहीतरी बारीक घरघरल्याचा आवाज आला. आप्पांचा पाय परस्पर वळला आणि ते झेरॉक्सच्या दुकानात शिरले. आता शिरल्यावर काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी आधार कार्डाची एक प्रत काढली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी दुकानदाराने त्यांना बघताच न विचारता हात पुढे केला आणि म्हणाला, "काका, एकदमच शंभर काढून ठेवू का?"

शेवटी आप्पांनी फोन लावला. तिकडून दवाखान्यात काम करणारी शमिका बोलली. नाव नोंदवायला इथेच यावं लागेल, म्हणाली.

"अगं पण मला तिथे यायचीच भीती वाटते."

"हो ना काका, म्हणून तर यायचं."

"तसं नव्हे. जो तिथवर येऊ शकतो तो घाबरलेला नाही. आणि जो घाबरलेला आहे तो येऊच शकत नाही. मग तुम्ही निवडलीत ती माणसं कोण?"

तिकडे शमिकाने वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मुद्दा बिनतोड होता. पण मग ती म्हणाली, "काका, तशाही आता जागा भरल्या," आणि फोन ठेवला.

जागा भरल्या! नोकरभरतीत जे होतं तेच इथेही झालं म्हणायचं. आप्पा हिरमुसून जिन्यात बसले असताना सोसायटीचे सेक्रेटरी धोंडू नागवेकर भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. नागवेकर जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. जन्मभर लोकांच्या बांधाच्या भांडणात साखळी धरून उभे राहिल्यामुळे, जगातल्या कुठल्याही गोष्टीवर हरकत घेता येते अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, पेपर मागवला, चष्मा पुसला आणि बातमी वाचली. मग एका शब्दावर बोट ठेवून ते आप्पांकडे बघत राहिले.

"आप्पानू, ह्यो शब्द वाचलात काय?"

"कुठला?"

"स्थानिक!"

आप्पांनी वाचला. वाचला होता आधीही, पण आता नागवेकरांच्या बोटाखाली तो निराळाच दिसायला लागला.

"जयगडला बंदर आलं तेव्हा ह्या एका शब्दावर आम्ही किती सभा घेतल्या, माहीत नाय तुम्हाला," नागवेकर म्हणाले. "स्थानिक म्हणजे स्थानिक. त्यात दुसरा अर्थच नाय. सरळ छापलाय, स्थानिक भूल. म्हणजे ही भूल कोणाला मिळायला हवी?"

आप्पांमधला भूगोलाचा मास्तर जागा झाला. "बरोबर आहे. स्थानिक वारे म्हणजे त्या त्या ठिकाणचे वारे. खारे वारे घ्या, मतलई वारे घ्या. तसंच स्थानिक भूल म्हणजे–"

"स्थानिकांची भूल! आणि रेडीज कुठले?"

"चिपळूणचे!" आप्पा उभेच राहिले. जिल्हा एक असेल, पण तालुका वेगळा, नदी वेगळी, खाडी वेगळी. गेली चार वर्षं आपल्याला रेडीजांविषयी जे वाटतंय तो हेवा नव्हेच, तो अन्याय आहे, हे त्या क्षणी त्यांना लख्ख दिसलं. हेव्याची लाज वाटते, अन्यायाची वाटत नाही. आप्पा कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

हरकतीचा अर्ज नागवेकरांनी सांगितला आणि आप्पांनी वळणदार अक्षरात लिहिला. सोसायटी नाचणे रोडवर, म्हणून विषय होता, 'नाचणे रोड परिसरातील स्थानिक भूल व त्याबाबत झालेला अन्याय.' एक प्रत दवाखान्याला पोस्टाने गेली आणि दुसरी घेऊन आप्पा एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या टेबलावरच्या माणसाने विषय वाचून कपाळाला आठ्या घातल्या.

"भूल कोणाची? आमची?"

"नाही हो. स्थानिक."

"म्हणजे आमच्या स्थानिक कर्मचाऱ्यांची."

"तसं नाही. भूल द्यायची असते."

"भूल द्यायची कशी असेल? भूल होते." त्याने शिक्का मारला. "ठीक आहे. झाली असेल तर दुरुस्त करतील. जा तुम्ही."

दोन दिवसांनी सकाळी फाटकाशी पाच-सहा माणसं कुदळी-पहारी आणि एक थरथरणारं मशीन घेऊन हजर झाली. "इथे काय भूल झालीय म्हणे आमच्याकडून. कुठे झालीय दाखवा," मुकादम म्हणाला. कोणालाच दाखवता येईना. तेव्हा पाण्याच्या लाईनशिवाय दुसरं असणार काय, असं त्यानेच ठरवलं आणि जांभा फोडायला घेतला. जांभा फुटायला वेळ लागला, पाईप मात्र लगेच फुटला. कारंजं पहिल्या मजल्यापर्यंत उडालं आणि सोसायटीचं पाणी गेलं ते आठवडाभर आलं नाही.

आता पुराचा तडाखा खाल्लेला माणूस पाण्याच्या बाबतीत किती सावध असतो, हे इतरांना काय कळणार? रेडीजांच्या फ्लॅटमध्ये टाकी होती, दोन पिंपं होती, कळशांची रांग होती. सबंध बिल्डिंग बादल्या घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली आणि रेडीज बाही वर करून तांब्याने मापून पाणी देऊ लागले. मालिनीताईही रांगेत होत्या. आप्पा तोंड चुकवून आत बसले, तर रेडीज स्वतः कळशी घेऊन आले.

"आप्पा, ही तुमच्यासाठी गरम करून आणलीय. दाढेला बरं वाटेल. चुळा भरा."

"माझ्या दाढेचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? घाबरणाऱ्याला घाबरणारा ओळखतो हो."

आप्पांनी चुळा भरल्या. बरं वाटलं, म्हणून आणखी राग आला.

पोस्टाने पाठवलेल्या अर्जाला दवाखान्याकडून उत्तर आलं नाही, तेव्हा नागवेकरांनी शिष्टमंडळ न्यायचं जाहीर केलं. सोसायटीच्या सूचनाफलकावर त्यांनी एवढंच लिहिलं की स्थानिकांवर दवाखान्यात अन्याय झाला असून रविवारी दहा वाजता निघायचं आहे. अन्याय करणारा कोण आणि झालेला कोण, हे तोंडी सांगू म्हणून ठेवून दिलं. रविवारी फाटकाशी नागवेकर आणि आप्पा आले आणि त्यांच्याही आधी रेडीज येऊन उभे होते, पांढऱ्या शर्टात.

"अन्याय झाला असेल तर मी पुढे," रेडीज म्हणाले. "शिवाय डॉक्टर माझ्या ओळखीच्या आहेत."

नागवेकरांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी आभाळाकडे बघितलं. आणि शिष्टमंडळ तसंच निघालं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर आप्पांना वास आला आणि पाय झेरॉक्सकडे वळायला लागला. तेवढ्यात रेडीजांनी त्यांचा हात धरला. आप्पांना वाटलं हा आपल्याला आधार देतोय, पण त्या हाताला घाम फुटला होता आणि तो थंडगार पडला होता. दोघं एकमेकांना धरून एकेक पायरी चढले. कोण कोणाला चढवतोय ते सांगता आलं नसतं. आप्पांनी मात्र दोघांच्या घामाची मनातल्या मनात तुलना करून आपला जास्त असल्याची नोंद घेतली.

नागवेकरांनी वर पोचताच भाषण सुरू केलं. जमीन इथली, दाढा इथल्या, मग भूल चिपळूणला का, असा त्यांचा सवाल होता. डॉ. सानिका शेट्ये लहानखुऱ्या, चष्मेवाल्या बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ओठ एकदा दाताखाली दाबले आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, स्थानिक भूल म्हणजे त्या जागेपुरती भूल. काही ऑपरेशनांना अख्ख्या माणसाला झोपवतात ना, तसं नाही करायचं. दाताजवळचा तेवढाच भाग बधिर करायचा. माणूस कुठल्याही गावचा चालतो."

नागवेकरांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे गावठाणापुरती," नागवेकर सावकाश म्हणाले. "बाकीची जमीन जागी."

"अगदी तसंच."

"असं सरळ सांगायला हवं होतं." नागवेकरांचं समाधान झालं. हद्द कळली की त्यांचं नेहमीच समाधान होत असे.

रेडीज मात्र आप्पांकडे वळले. "म्हणजे आप्पा, हरकत माझ्यावर होती?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, आप्पांना उलट ओरडता आलं असतं. ते एक पाऊल मागे सरले, कोपर ट्रेला लागला, ट्रे खणखणला, आणि त्यातली ती लांब सुई आप्पांनी इतक्या वर्षांनी पुन्हा बघितली.

पुढचं त्यांना नीट आठवत नाही. ते पळाले एवढं खरं, पण दार चुकलं. बाहेरचं समजून उघडलेलं दार एक्स-रेच्या खोपटाचं निघालं आणि आप्पांनी आत जाऊन कडी लावली. बाहेरून सगळ्यांनी समजावलं. आप्पा येईनात. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "काका, निदान एक बोट तरी बाहेर काढा, तुमचे ठोके बघू दे." फटीतून आप्पांचं बोट आलं. शमिकाने त्याला चिमटा लावला.

"मॅडम, मशीन बिघडलं."

"दुसरं लाव."

दुसरं लावलं. मग डॉक्टरांचा आवाज आला, "एवढे कोणाचेच नव्हते गं आत्तापर्यंत."

अंधारात आप्पांनी कान टवकारले. "रेडीजांचे किती होते?" त्यांनी फटीतून विचारलं.

"तुमचे पुष्कळ जास्त आहेत, काका."

कडी निघाली. आप्पा मान ताठ ठेवून बाहेर आले. योगायोगाने हातखंब्याचे एक निवड झालेले गृहस्थ आदल्याच दिवशी अर्ध्या रस्त्यातून घरी परतले होते, ती जागा मोकळी होती. डॉक्टरांनी ती आप्पांना दिली. खूप घाबरलेल्या माणसाला भुलीचं औषध कमी लागू पडतं का, एका इंजेक्शनात भागतं की पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, हे त्यांना शोधायचं होतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. आप्पांनी त्यातलं हवं तेवढं उचललं. जितकी इंजेक्शनं जास्त तितका माणूस अस्सल.

"रेडीजांना किती लागली?" त्यांनी विचारलं.

"तीन," रेडीजच म्हणाले, खाली बघून. "तरी दुखतच होतं. दाढ अजून तशीच आहे. गुरुवारी मलाही पुन्हा बोलावलंय."

आप्पांनी त्याच वेळी चारचं लक्ष्य ठरवलं.

मधले दिवस सुखाचे गेले. बिल्डिंगमधले लोक येऊन विचारपूस करत. मालिनीताईंनी न सांगता मऊ भात केला. गुरुवारी सकाळी मात्र आप्पांची दातखीळ बसली. मालिनीताईंनी त्यांना रिक्षात घातलं, जिना चढवला आणि त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर त्यांचा हात धरून बसल्या. दिवा डोळ्यांवर आला. छातीत कोणीतरी कांडण घातल्यासारखं व्हायला लागलं. ही भीती खरी होती, इतक्या वर्षांची जुनी होती आणि ती रेडीजांना ओळखत नव्हती. आप्पांना सगळी चढाओढ सोडून घरी जावंसं वाटलं. "मालू, चल," ते म्हणाले. पण तेवढं म्हणायला तोंड उघडलं होतं. टोचलं. डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग ओठ जड झाला, गाल जड झाला, जणू कोणी दुसऱ्याचा गाल आणून लावला होता.

डॉक्टरांनी आत काहीतरी टोचून बघितलं. "कळतंय का इथे?"

आप्पांना काहीच कळत नव्हतं. "किती झाली?" त्यांनी विचारलं. ते 'किकी जाली' असं बाहेर आलं.

"एकच. काय सुरेख लागू पडली बघा! आता काळजीच नको."

एकच? आप्पा खुर्चीत ताडकन उठून बसले. ज्या माणसाला बसल्या जागेवरून पळताही येत नाही त्याला तीन, आणि आपल्याला एक? एवढे ठोके, एवढा घाम, ते खोपट, आणि शेवटी रेशनच्या दुकानातल्यासारखं एक हातावर टेकवून वाटेला लावायचं?

"वला आनखी तीन हवीत!" आप्पा गरजले.

"गरजच नाही हो, काका."

"गलज वी ठलवणार! तीन द्या!" आणि डॉक्टर सुईकडे बघेनात तेव्हा आप्पांनी स्वतः बोट दाखवून तोंड जास्तीत जास्त उघडलं आणि मान पुढे काढली. डॉक्टर थक्क होऊन बघत राहिल्या. शमिका बघत राहिली. तोंड आयतंच इतकं उघडलेलं बघून डॉक्टर म्हणाल्या, "असेच राहा हं, जरा नीट बघू दे," आणि आप्पा तोंड उघडं ठेवून नाकातून भांडत असताना त्यांनी चिमटा घातला, दोनदा हलवलं आणि ट्रेमध्ये काहीतरी टणकन पडलं. आप्पांनी वाकून बघितलं. ती त्यांची दाढ होती.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. मग कापसाचा बोळा दाताखाली देऊन त्या जरा अवघडून उभ्या राहिल्या. "काका, एक सांगायचं होतं. तुमचं नाव मला अभ्यासातून काढावं लागणार. आम्हाला सुईला घाबरणारी माणसं हवी आहेत. जो माणूस सुई मागून घेतो, त्याला भीती आहे असं मी मुंबईला कुठल्या तोंडाने सांगू?"

"तीस वर्षं घावलतोय वी!" आप्पा बोळ्यातून ओरडले. "तीस वर्षं!"

"असाल. पण आज नाही घाबरलात."

मालिनीताईंनी रुमालाने त्यांची हनुवटी पुसली आणि त्यांना धरून बाहेर आणलं. बाहेरच्या बाकावर रेडीज बसले होते. एकटेच, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. आप्पांना बघून ते उठले.

"काढली?"

"काढली हो भाऊजी," मालिनीताई म्हणाल्या. "एका इंजेक्शनात."

रेडीजांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "सुटलात, आप्पा. खरं सांगू? फार हेवा वाटतो तुमचा."

आप्पा ऐकतच राहिले. हे वाक्य ऐकायला त्यांनी चार वर्षं टोमॅटो बघितले होते. त्यावर काहीतरी उदार बोलावं की चांगलं झोंबणारं बोलावं, हे त्यांचं ठरेना. ठरलं असतं तरी ओठ ताब्यात नव्हता. हसायला गेले तर ते एकाच बाजूने आलं, आणि रेडीजांना वाटलं की त्यांना दुखतंय.

"रेडीज काका, या," आतून शमिकाने हाक मारली.

रेडीज निघाले आणि दारातच थांबले. पाय पुढे पडेनात. हे वर्णन आप्पांनी फाटकापाशी ऐकलं होतं आणि त्याला नावं ठेवली होती, पण प्रत्यक्षात माणूस असा दिसतो हे त्यांनी बघितलं नव्हतं. मालिनीताई पटकन पुढे झाल्या. "घाबरू नका भाऊजी, मी येत्ये. मी बसते शेजारी हात धरून."

"वी वसतो!" आप्पा म्हणाले.

"अहो, तुमचंच आत्ता झालंय..."

"वी वसतो म्हंतलं ना!" आप्पांनी बायकोला बाजूला केलं, रेडीजांच्या दंडाला धरून त्यांना आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि स्टूल ओढून शेजारी ठाण मांडलं. दिवा लागला. सुई दिसली. रेडीजांनी डोळे मिटले आणि चाचपडून जो हात सापडला तो असा काही आवळला की आप्पांची बोटं कडकडली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर मालिनीताई आत धावल्या असत्या आणि तो हात त्यांनी आपल्या हातात घेतला असता. आप्पांनी बोळा घट्ट चावला आणि हात सोडला नाही.